शुक्रवार पेठेतली ट्रिप होणारी शेगडी : एका घरगुती दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आहे, पंचगंगेच्या अंगाला. घरात काकी, त्यांचा थोरला मुलगा, सून आणि शाळकरी नातू. काकी बरीच वर्षं डबे देतात. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं आणि एकटे राहणारे नोकरदार हे त्यांचं गिऱ्हाईक. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही खुणा गाळल्या आहेत. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो आणि या घराशी माझा जुना घरोबा आहे.

डब्यांचा मुख्य स्वयंपाक गॅसवर होतो. पण पहाटे एका वेळी आमटी, भात आणि दूध चढवायचं तर गॅसच्या दोन शेगड्या पुरत नाहीत, म्हणून जोडीला दोन प्लेटची विजेची शेगडी. मोठी प्लेट १५०० वॅटची, लहान १००० वॅटची. मातीच्या चकतीत उघडी स्प्रिंग दिसते तसली ही नाही. हिची कॉईल म्हणजे गोल वळवलेली धातूची नळी. नळीच्या मधोमध नायक्रोमची तार, तारेभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि दोन्ही टोकांना सील. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणून तापलेल्या नळीवर स्टीलचं पातेलं ठेवलं तरी चालतं. मात्र कोरडी असेपर्यंतच ती वीज अडवते. हवेतला ओलावा ती शोषून घेते, आणि पुढची सगळी कथा या एका गुणधर्माभोवती फिरते.

स्वयंपाकघरातलं वायरिंग जुनं होतं. भिंतीवर तीन भोकांचं १६ अँपिअरचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर खालच्या मजल्याची डागडुजी तुकड्यातुकड्यांनी होत गेली आणि स्वयंपाकघराची पाळी सर्वांत शेवटी आली. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे नवीन वायर ओढली, अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा केला आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर गळली की लाइन तोडणारा खटका, बसवला. घरात सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात. वरच्या खोलीचं वायरिंग मात्र जुनंच राहिलं. ते का महत्त्वाचं ठरलं, हे पुढे येईल.

काकींनी एक गोष्ट सहज सांगितली होती आणि तेव्हा कुणी ती मनावर घेतली नव्हती. "ती शेगडी पावसाळ्यात जरा झिणझिणती. म्हणून मी पाटावर उभारतो आणि मगच पातेल्याला हात लावतो." ओट्यासमोर लाकडी पाट कायमचा ठेवलेला होता. वर्षानुवर्षं.

पहिला बिघाड आणि पहिली दुरुस्ती

मे महिन्यात मोठी प्लेट तापायची थांबली. आधी दोन दिवस करपल्यासारखा वास येत होता. लहान प्लेट नीट चालत होती, त्यामुळे प्लग आणि मुख्य वायर ठीक आहेत, हे थोरल्यानं बरोबर ओळखलं. तो फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, हातात कसब आहे, स्क्रू उघडायला घाबरत नाही.

त्यानं शेगडी उलटी करून तळाचा पत्रा काढला. फिरकीच्या स्विचवरून कॉईलच्या टोकाला जाणारी वायर थिंबलाशीच, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपीपाशीच, जळून तुटलेली होती. ती खिळखिळी झाली होती आणि तापून तापून गेली. १५०० वॅटची प्लेट २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेते. जोड ढिला होऊन तिथे नुसता एक ओहम रोध तयार झाला, तरी त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत चाळीसहून जास्त वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंग आयर्नमध्ये असते तेवढी. पितळ काळं पडतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते, आणि शेवटी वायर तुटते. विजेच्या शेगडीत कॉईल जळण्याआधी हे जोडच जास्त वेळा जातात, हा माझा अनुभव आहे. म्हणून प्लेट थंड पडली की थेट कॉईल विकत आणायला धावू नये. प्लग काढून कॉईलचा रोध मीटरवर बघावा. १५०० वॅटच्या कॉईलला साधारण ३५ ओहम यायला हवेत, १००० वॅटच्या कॉईलला ५३ च्या आसपास. तेवढे आले तर तार शाबूत आहे.

थोरल्यानं मीटर न लावताही कॉईल चांगली आहे हे धरलं आणि ते खरंही निघालं. पण जोडताना त्यानं घरात पडलेली साधी पीव्हीसी वायर घेतली, कॉईलच्या टोकाला पीळ देऊन गुंडाळली आणि वर काळी टेप मारली. शेगडी चालू झाली. डबे वेळेवर गेले. घरात कौतुक झालं, आणि कौतुक योग्यच होतं, कारण बिघाड त्यानं नेमका शोधला होता. चुकलं ते सामान. साध्या पीव्हीसीला ७० अंश सेल्सिअसपर्यंत झेपतं. कॉईलच्या टोकाशी तापमान त्याच्या बरंच वर जातं. तिथे फायबरग्लासची स्लीव असलेली उष्णतारोधक वायर आणि नीट दाबून बसवलेलं थिंबल लागतं. दुकानात 'हीटरची वायर' म्हणून मागितली की मिळते. सोल्डर करून घ्या, असा सल्लाही त्याला कुणीतरी दिला होता. तो त्यानं ऐकला नाही हे बरं झालं, कारण नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळायला लागतं आणि शेगडीतला जोड त्यावर टिकत नाही.

दुसरा बिघाड

जुलैत पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या पेठांत हे दोन आकडे पोरांनाही पाठ असतात. पातळी एकोणचाळिसाच्या पुढे गेली तशी या घरानं सवयीप्रमाणे सामान वर चढवायला सुरुवात केली. शेगडी पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून माळ्यावर गेली. पाणी या खेपेला उंबऱ्यापर्यंत आलं नाही. पण शेगडी आठवडाभराहून जास्त काळ ओल्या हवेत, बंद पिशवीत पडून राहिली.

खाली आणून प्लग लावला, मोठ्या प्लेटचा स्विच फिरवला आणि काही सेकंदांत अख्ख्या स्वयंपाकघराची लाईट गेली. पुन्हा खटका वर केला, पुन्हा गेली. लहान प्लेट एकटी लावली तर चालली. पहाटेची वेळ, पातेल्यात अर्धी कच्ची आमटी, आणि सात वाजता डबे न्यायला माणूस येणार.

आणि मग घरात खटला उभा राहिला. काकींचं म्हणणं, थोरल्यानं वायर बदलल्यापासनंच असं व्हायला लागलंय. थोरल्याचं म्हणणं, माझी वायर मेपासून चालतीय, बिघाड त्या नवीन वायरिंगमध्ये आहे. त्यानं पुरावाही काढला. शेगडी वरच्या खोलीत नेऊन तिथल्या जुन्या सॉकेटला लावली, आणि ती तिथे बिनतक्रार तापली. झालं! शेगडी चांगली, वायरिंग खराब, असा निकाल लागला.

या निकालावर मला थांबायचं आहे, कारण असा निकाल मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो धोकादायक आहे. वरच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं आणि त्या लाइनवर आरसीसीबीही नव्हता. शेगडीच्या पत्र्यात उतरणारी वीज जायला तिथे वाट नव्हती आणि ती मोजणारंही कुणी नव्हतं. शेगडी तिथे चालली याचा अर्थ ती बरी होती असा नाही. तिथे तिच्याबद्दल ओरडणारं कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

समोरचे पर्याय

वायरिंग करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून बघितला, काही सापडलं नाही, आणि ३० च्या जागी १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकू असं सुचवलं. त्याला रोजचे असे फोन येत असणार आणि ट्रिप थांबवणं ही त्याच्याकडून अपेक्षा असते, हे मी समजू शकतो. पण १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतो. माणसाच्या जिवासाठी ३० चाच लागतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं पातेलं सुटत नाही.

शेजारच्यांनी त्याहून सोपा उपाय सांगितला. "अर्थची वायर काढून टाक की. माझ्या गिझरची काढलीय, एकदाबी ट्रिप न्हाई." थोरला प्लग खोलून बसला होता, पेचकस हातात. सुनेनं त्याला थांबवलं. तिचं म्हणणं साधं होतं, वायर कंपनीनं दिलीय तर काहीतरी कारणानंच दिली असेल, आधी विचारू. तिनं मला फोन केला.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तो फोन आहे, असं मी मानतो. अर्थ काढल्यावर नेमकं काय झालं असतं ते सांगतो. अर्थ असताना पत्र्यात उतरलेली वीज वायरनं जमिनीत जाते. गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडतो आणि आरसीसीबी तो ओळखून लाइन तोडतो. यात माणसाचा संबंधच येत नाही. अर्थ काढली की पत्रा भारलेला राहतो आणि वाट बघत बसतो. काकी ओल्या हातानं पातेलं धरतील तेव्हा वीज त्यांच्यातून जमिनीत जाईल, आणि तेव्हाच आरसीसीबीला फरक कळेल. ट्रिप बंद होत नाही. ट्रिप करायचं काम काकींच्या अंगावर येतं.

उरले दोन पर्याय. नवीन शेगडी आणणं, किंवा असलेली शेगडी मोजून नेमका भाग बदलणं. काकी नवीन घ्यायला तयार होत्या. मी म्हटलं, घ्यायचीच असेल तर घ्या, पण आधी दोष कुठे आहे ते बघू. कारण दोष वायरिंगमध्ये असेल तर नवीन शेगडीही ट्रिप होईल, आणि शेगडीत असेल तर जुनी शेगडी कुणाच्या तरी घरी भंगारातून जाऊन तिथे झिणझिणेल. तोवर डब्यांसाठी शेजारून गॅसची एक शेगडी आणली.

मोजमाप

संध्याकाळी गेलो तेव्हा मल्टिमीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर बरोबर नेला. मेगर म्हणजे इन्सुलेशन किती घट्ट आहे ते जास्त व्होल्टेजवर तपासणारं यंत्र. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे कच्चं इन्सुलेशन त्याला पुष्कळदा दिसत नाही.

पहिला प्रश्न मी विचारला : पडतो तो खटका कुठला? घरात सगळ्यालाच ट्रिप म्हणतात. पण एमसीबी पडला तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी पडला तर वीज कुठेतरी बाहेर गळतेय. दोन्हींचा शोध वेगळ्या दिशेनं जातो. इथे 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण ज्यावर आहे तो, म्हणजे आरसीसीबीच पडत होता. स्वयंपाकघरातले सगळे प्लग काढले, टेस्टचं बटण दाबलं, तो पडला. म्हणजे तो काम करत होता. पुन्हा वर केला, मिक्सर आणि फ्रिज एकेक करून लावले. तासभर काही झालं नाही. वायरिंगवरचा आरोप इथे जवळजवळ मिटला.

मग शेगडी. प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, जुन्या चादरीवर उलटी ठेवली. तळाचे स्क्रू काढून पत्रा उघडल्यावर, वायरी सोडवण्याआधी, त्यांचे मोबाईलवर फोटो काढले. हे कंटाळवाणं वाटतं, पण एका प्लेटच्या तीन-चार वायरी एकदा मोकळ्या केल्या की कुठली कुठे होती ते आठवत नाही.

आत थोरल्यानं मारलेली टेप वितळून चिकट झाली होती आणि पीव्हीसी वायर तपकिरी पडून लोंबत पत्र्याला टेकली होती. बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, सापडला चोर. थोरल्याचा चेहरा पडला. पण जे दिसतं ते बदलून मोकळं व्हायचं नसतं. मी कॉईलची दोन्ही टोकं सोडवली आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. वायरी ते पत्रा : मेगरचा काटा १०० मेगाओहमच्या पलीकडे. म्हणजे ती कुरूप वायर अजून गळत नव्हती. कॉईलची तार ते कॉईलची नळी : मेगरचा काटा शून्यावर. मल्टिमीटरवर बघितलं, नऊ किलोओहम.

गणित सरळ आहे. २३० व्होल्टला ९,००० ओहमनं भागलं की साधारण २५ मिलिअँपिअर येतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बरोबर तिसावर पडतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो पंधरा ते तीसच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, तशीच त्याची रचना असते. म्हणजे तो चोख काम करत होता.

लहान प्लेटची कॉईल ४ मेगाओहम दाखवत होती. चालण्यासारखी, पण कोरड्या ठणठणीत कॉईलच्या मानानं बरीच कमी.

आता खरी गोष्ट दिसायला लागली. मोठ्या कॉईलच्या ज्या टोकाशी मे महिन्यात जोड जळाला होता, त्याच टोकाचं सील भुसभुशीत होऊन अर्धं गळून पडलं होतं. नखानं खरवडलं तर आतली पांढरी पूड दिसली. ढिल्या जोडाच्या उष्णतेनं सील मारलं, आणि उघड्या टोकातून पुडीनं पावसाळ्याची हवा पिऊन घेतली. जुन्या पावसाळ्यांतली झिणझिण सांगते की सील आधीपासूनच पुरेसं घट्ट नसावं. मेच्या बिघाडानं ते पार गेलं. तेव्हा दोन बिघाड वेगळे नव्हतेच. पहिल्यानं दुसऱ्याला दार उघडून दिलं होतं.

थोरला या आरोपातून सुटला, हे मी त्याच्या आईसमोर मुद्दाम सांगितलं. वायर मात्र बदलायचीच होती. ती आणखी काही महिन्यांत पत्र्यावर वितळली असती, हेही सांगितलं.

वाळवायची की बदलायची

ओल धरलेली कॉईल वाळवता येते. काही मेकॅनिक अर्थ सोडवून शेगडी तशीच चालू ठेवतात आणि कॉईल स्वतःच्या उष्णतेनं वाळवतात. वाळते, हे खरं. पण तोवर पत्रा भारलेला असतो आणि घरात लहान मूल असतं. मी हे करत नाही आणि कुणी करू नये.

थोरल्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे रॉड वाळवायचा ओव्हन होता. मालकाला विचारून कॉईल रात्रभर त्यात, १२० अंशांच्या आसपास ठेवली. सकाळी पुन्हा मोजली तर ५० मेगाओहमच्या वर. नऊ हजार ओहमांवरून पाच कोटींवर. ओलावाच कारण होता याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

ती कॉईल परत बसवावी का, यावर थोडी चर्चा झाली. टोकाला उच्च तापमानाचं सिलिकॉन भरून सील करता आलं असतं. पैसे वाचले असते. पण सिलिकॉन किती दिवस टिकेल याची खात्री मला नव्हती, आणि ही शेगडी कुणी हौसेनं वापरत नाही, त्यावर घर चालतं. नवीन कॉईल घ्यायचं ठरलं. एकट्यादुकट्याची, वर्षातून चार वेळा लागणारी शेगडी असती तर मी कदाचित वाळवून सील करायला सांगितलं असतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती

जुनी कॉईल हातात घेऊन थोरला लक्ष्मीपुरीत गेला. नमुना न्यावाच लागतो, कारण नळीची जाडी, गोलाचा व्यास, टोकांमधलं अंतर आणि वॅट हे सगळं जुळावं लागतं. दुकानदारानं त्याच मापाची २००० वॅटची कॉईल पुढे केली, "ही घ्या, लवकर तापंल." थोरल्यानं घेतली नाही. दोन्ही प्लेट मिळून २५०० वॅटचा भार ३००० वर गेला असता, आणि फिरकीचा स्विच, आतल्या वायरी, पत्र्यातली हवा खेळायची जागा हे सगळं १५०० च्या प्लेटसाठी बनवलेलं होतं. याच कारणासाठी मातीच्या चकतीतली उघडी कॉईल तुटली की दोन टोकं ओढून अडकवायची जुनी सवयही सोडावी. तारेचा दहावा हिस्सा कमी झाला तर रोध तेवढा उतरतो, वॅट साधारण ११ टक्के वाढतात, आणि ताणून अडकवलेला सांधा सगळ्यात आधी जळतो.

दुकानातच मीटर लावून कॉईल बघितली, ३५ ओहम. बरोबर फायबरग्लासची वायर, स्लीव, निकेलचा मुलामा दिलेली थिंबलं, नवीन फिरकीचा स्विच आणि चिनी मातीचा कनेक्टर घेतला. स्विच चालत होता, पण ज्या पायाशी जोड जळाला तो पाय निळसर पडला होता आणि त्याची स्प्रिंग गेली होती. असा स्विच ठेवला तर नवीन थिंबलही तिथेच जळतं.

जोडणी थोरल्यानं स्वतः केली, मी शेजारी बसून बघितलं. थिंबल पकडीनं चेपायचं नाही, क्रिंपिंगच्या हत्यारानं दाबायचं. दाबल्यावर वायर ओढून बघायची. वायर कॉईलच्या नळीपासून लांबून, क्लिपमध्ये अडकवून न्यायची. एका गोष्टीला मी त्याला परत बसवलं. अर्थची वायर ज्या स्क्रूला होती, त्याच्याखाली पत्र्यावर रंग होता. स्क्रू घट्ट दिसतो, पण रंग वीज अडवतो. रंग खरवडून लखलखीत धातू काढला, दातेरी वायसर घातला, मग स्क्रू आवळला. प्लगच्या मोठ्या पिनेपासून पत्र्यापर्यंत मोजलं. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा केल्यावर जेमतेम ०.१ ओहम राहिला.

पत्रा बसवायच्या आधी मेगर. २०० मेगाओहमच्या वर. पत्रा बसवल्यावर पुन्हा मेगर, कारण झाकताना एखादी वायर कडेत चिमटली जाते. प्लग टॉपची एक पिन तपकिरी झाली होती, तोही बदलला.

पहिल्यांदा शेगडी चालवली ती ओट्यावर नाही, सोप्यात, पातेलं न ठेवता, रबरी चप्पल घालून. नवीन कॉईल थोडा धूर सोडते, तो सोडून दिला. आरसीसीबी पडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओट्यावर गेली.

परिणाम

नंतरच्या उरलेल्या पावसाळ्यात एकदाही ट्रिप नाही. झिणझिण नाही. खर्च सगळा मिळून हजाराच्या आत राहिला. काकी काही दिवस तरीही पाटावरच उभ्या राहत होत्या.

थोरल्यानं त्याच आठवड्यात शेजारच्या घरी जाऊन गिझरची अर्थ परत जोडायला लावली. तिथेही आरसीसीबी पडायला लागला, आणि गिझरचा रॉड फुटलेला निघाला.

काय वेगळं करता आलं असतं

मेमधल्या दुरुस्तीच्या वेळी कॉईलचं टोक नीट बघितलं असतं तर सील गेल्याचं तेव्हाच दिसलं असतं. जोड जळाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे पाच-सात सेंटिमीटर भाग तपासायचे, हा नियम मी कारखान्यात नव्या पोरांना सांगतो. उष्णता फक्त वायरच खाते असं नाही. शिवाय थोरल्यानं तेव्हा नुसतं बटण बंद करून शेगडी उघडली होती, प्लग भिंतीतच होता. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, आणि अशा सॉकेटचं बटण बंद असलं तरी शेगडीच्या आत फेज जिवंत असतो. प्लग हातात दिसत असल्याशिवाय पत्रा उघडायचाच नाही.

वायरिंग नवीन केलं त्या दिवशीच घरातली शेगडी, गिझर, इस्त्री आणि मिक्सर मेगरनं तपासून द्यायला हवे होते. आयुष्यात पहिल्यांदा अर्थ आणि आरसीसीबी मिळालेल्या घरात जुन्या उपकरणांचे लपलेले दोष एकेक करून वर येणारच. ते आधी सांगितलं असतं तर नवीन वायरिंगवर आळ आला नसता आणि १०० मिलिअँपिअरची गोष्ट निघालीच नसती.

काकींची झिणझिण हा पहिला इशारा होता, आणि तो वर्षानुवर्षं पाटावर निभावला गेला. मी त्या घरी चहाला कितीतरी वेळा बसलो आहे. ओट्यासमोर पाट कशाला, असं कुणाच्याही घरी दिसलं तर आता मी विचारतो.

ज्यांच्याकडे मेगर नाही त्यांनी पुरानंतर किंवा ओलीत पडून राहिलेली शेगडी लावायची कशी, हा खरा प्रश्न आहे. आधी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. मग रबरी चप्पल घालून, पत्र्याला हात न लावता, एकेक प्लेट वेगळी लावून बघावी. आरसीसीबी पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नये, आणि दुसऱ्या सॉकेटवर तर अजिबात नेऊ नये. शेगडी प्रत्यक्ष पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर घरी वाळवून लावण्याचा विचारही सोडावा. आणि हे सगळं कॉईलच्या शेगडीपुरतं आहे. इंडक्शनची शेगडी घरी उघडू नये. तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ सुमारे ३०० व्होल्टचा चार्ज राहू शकतो.

राहिलेलं काम

लहान प्लेटच्या कॉईलचं मोजमाप पाऊस सरल्यावर पुन्हा घेतलं. नोव्हेंबरात ती ६० मेगाओहमवर गेली होती, म्हणजे तिच्याही टोकाचं सील पूर्ण घट्ट नाही. पुढचा पाऊस लागायच्या आत, मे महिन्यातच ती बदलायची ठरली आहे. तोवर ओलीच्या दिवसांत लहान प्लेट रोज थोडा वेळ चालवायची, बंद पडून राहू द्यायची नाही, असं काकींना सांगितलं आहे. माळ्यावर न्यायची वेळ आलीच तर शेगडी प्लास्टिकमध्ये बांधायची नाही, सुती कापडात गुंडाळून मोकळी ठेवायची.

वरच्या खोलीतलं ते बिनअर्थचं सॉकेट थोरल्यानं काढून टाकायला लावलं आणि त्या जागी कोरी पट्टी बसवून घेतली. तिथलं वायरिंग झाल्यावर नवीन सॉकेट लागेल, आणि ती लाइनही आरसीसीबीवरच घेतली जाईल.